खिडकीजवळचं पोतं

१

नवे डबे यार्डात आले त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमांनी हात खिशातच ठेवले.

डबे देखणे होते, यात वाद नव्हता. दोन मोठ्या शहरांमध्ये रोज धावणाऱ्या इंटरसिटीच्या नशिबी इतकी वर्षं खडखडणारे, गळके डबे होते. त्या जागी आता ही गुळगुळीत, बंद काचांची, आपोआप दारं मिटणारी चीज आली होती. मुकादमांचं भांडण होतं ते आतल्या निळ्या सीटांशी. उभी हयात त्यांनी सीटा भरण्यात घालवली होती. काथ्या पिंजायचा, स्प्रिंगा बसवायच्या, रेक्झिन ताणून ठोकायचं. गादीवर नुसता तळवा ठेवून ती अजून किती दिवस काढेल ते सांगायचे. नव्या सीटा मात्र कारखान्यातूनच ओतीव, सीलबंद आल्या होत्या. फाटली तर अख्खी उपटून कंपनीकडे धाडायची, हात लावायचा नाही.

“मग आमच्या टोळीनं करायचं काय?” त्यांनी विचारलं.

डब्यांबरोबर कारखान्यातून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, “मुकादम, तुम्ही पोती चढवा.”

पोती म्हणजे वाळूची. नवा डबा लोकांसाठी सोडायच्या आधी तो भरलेला चालवून बघावा लागतो, आणि असल्या कामाला जिवंत माणसं कोण देणार? म्हणून प्रत्येक सीटवर एका माणसाच्या वजनाचं एक पोतं बसवायचं, गाडी लांबवर फिरवून आणायची आणि पोती उतरवायची. यार्डात या कामाची एक जुनी गंमत होती. पोतं उचलण्याआधी प्रत्येकजण त्यावर खडूनं एक नाव लिहायचा. साहेबाचं, सासूचं, मेव्हण्याचं, ज्याला एरवी उचलून आपटता येत नाही अशा कुणाचंही. मग ते सीटवर असं आदळायचं की महिन्याभराचा राग निघून जायचा. नियम एकच होता. पोतं उतरवताना ज्यानं नाव लिहिलं त्यानंच ते स्वतःच्या हातानं पुसायचं. का, ते कुणी विचारलं नव्हतं. पण पाळायचे सगळे.

मुकादमांनी आजवर एकदाही नाव लिहिलं नव्हतं. असले पोरखेळ टोळीनं करावेत, आपण करू नयेत, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मात्र त्यांनी वायरमनच्या हातातला खडू ओढून घेतला आणि एका पोत्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘ठकी’.

ठकी ही त्यांची एकुलती एक लेक. यार्डाच्या ऑफिसात त्यांनी शब्द टाकून लावून दिलेली नोकरी तिनं सोडली आणि लांबच्या शहरात एकटीनं राहायला गेली, त्याला बरेच महिने झाले होते. जाताना ते दारात तिला म्हणाले होते, “आत्ता गेलीस तर पुन्हा या घराची पायरी चढायची नाही.” तीही त्यांचीच लेक, चढली नाही. त्या सकाळी जेवणाचा डबा भरता भरता बायको म्हणाली होती, “ठकीचा फोन आला होता. म्हणाली, बाबांनी स्वतः बोलावलं तर येते.” बाबांनी बोलावलं तर! मुकादमांच्या मस्तकात तिडीक गेली होती, आणि ती दुपारपर्यंत उतरली नव्हती.

त्यांनी ते पोतं पाठीवर घेतलं, तिसऱ्या डब्यात नेलं आणि खिडकीजवळच्या सीटवर दाणकन आदळलं.

“बस इथंच!” ते ओरडले.

टोळी हसली. मग कुणाचं पोतं आहे हे वाचल्यावर हसू आपोआप ओसरलं.

२

गाडी फिरून आली. पोती उतरवायला सुरुवात झाली. ज्यानं त्यानं आपापलं नाव फडक्यानं पुसलं आणि पोतं खाली दिलं. साहेब गेले, सासू गेली, मेव्हणा गेला. मुकादम तिसऱ्या डब्यात शिरले तेव्हा खिडकीजवळच्या सीटवर पोतं नव्हतं.

“माझं कुणी उतरवलं?”

कुणीच नाही. खाली फलाटावर पोत्यांची थप्पी लागली होती. मुकादमांनी प्रत्येक पोतं उलटंपालटं करून पाहिलं. एकावरही नाव नव्हतं. मोजली, तर पोती बरोबर भरली. जेवढी चढली तेवढी उतरली होती.

वायरमनला सगळे मौनी म्हणत, कारण त्याचं तोंड कधी बंद नसायचं. तो म्हणाला, “अहो, घासाघाशीत गेलं असेल पुसून. खडूच तो. तुम्ही काय कोरून लिहिलं होतं का?”

“ज्यानं लिहिलं त्यानं पुसायचं असतं ना?”

“आता तुम्हीपण?” मौनी म्हणाला, पण नंतर बराच वेळ काहीच बोलला नाही. मौनी गप्प बसला, हेच मुकादमांना आवडलं नाही.

ते पुन्हा डब्यात गेले. डबा रिकामा, स्वच्छ, नव्या प्लास्टिकच्या वासाचा. सगळ्या सीटांच्या गाद्या वजन उतरल्यावर फुगून वर आल्या होत्या. नव्या फोमचा तोच गुण. खिडकीजवळची एक तेवढी वर आली नव्हती. मधोमध खोलगट, कडांना ताणलेली. भरलेल्या सीटा आणि रिकाम्या सीटा पाहण्यातच ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला हे सांगायला दुसरं कुणी लागत नाही. त्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं.

त्यांनी तळवा ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. नवीन माल, निकृष्ट फोम, एखादी सीट अशी निघायचीच, असं स्वतःशी पुटपुटत ते खाली उतरले. कंपनीला नावं ठेवता आल्यामुळे त्यांना जरा बरंही वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. प्रत्येक डब्याच्या टोकाला एक छोटा स्क्रीन होता. डब्यात किती भार आहे तो त्यावर दिसायचा. ब्रेक किती जोरानं लावायचा हे गाडी त्यावरून ठरवते, असं त्या समजावून सांगत होत्या. बाकी सगळ्या डब्यांत शून्य होतं. तिसऱ्यात एका माणसाचं वजन दिसत होतं.

“आत एखादं पोतं राहिलंय का?”

“नाही. मोजलीत.”

“मग सेन्सर बिघडलाय.” त्यांनी सेन्सर बदलला. आकडा तोच. दुसऱ्या एका डब्यातला काढून लावला. तोच. बाई हुशार होत्या, मन लावून काम करत होत्या, कपाळाला आठी घालून त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. शेवटी म्हणाल्या, “एवढ्यानं काही अडत नाही. भरल्या गाडीत एका माणसाचा फरक कुणाला कळतो?”

मुकादम म्हणाले, “ती सीट बघा.”

बाईंनी पाहिली. “गादीत दोष आहे. पहिल्या फेरीनंतर बदलून मागवू.” आणि जाता जाता सहज म्हणून त्या तिथं बसायला वाकल्या. अर्ध्यातच थांबल्या. सरळ झाल्या, साडीचा पदर नीट केला आणि शेजारच्या सीटवर बसल्या.

“का हो? तिथं का नाही बसलात?” मुकादमांनी विचारलं.

“कुठं?” बाई म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. भरलेल्या गाडीत आपण ज्या सहजतेनं बसलेल्या माणसाला टाळून पुढे जातो, तसंच झालं होतं ते.

४

मुकादमांचं घर यार्डाच्या पाठीमागे, वरच्या मजल्यावर. लाकडी जिना, आणि त्याची तिसरी पायरी करकरणारी. माणूस असो की मांजर, कुणाचीही चहाडी ती करायची. ठकी कॉलेजात असताना उशिरा आली की चपला हातात घेऊन चढायची, तरी पायरी करकरायचीच, आणि आतून मुकादम विचारायचे, “किती वाजले?” पायरी दुरुस्त करणं त्यांना पाच मिनिटांचं काम होतं. त्यांनी मुद्दामच केलं नव्हतं.

ते घरी आले तेव्हा बायको खुशीत होती. खुशीत आणि थोडी घाबरलेली, म्हणजे काहीतरी परस्पर करून बसलेली.

“मी सांगितलं ठकीला,” ती म्हणाली. “बाबांनी बोलावलंय म्हणून. मग काय करणार? तुम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघणार कधी? तिकीटही काढलं तिनं, तुमच्याच नव्या गाडीचं. पहिल्याच फेरीचं.”

मुकादम चिडले नाहीत. बायकोला त्याचंच आश्चर्य वाटलं.

“बरी आहे ना ती?”

“बरी आहे. पण थकलीये हो. म्हणत होती, दोन दिवस झाले, बसल्या जागेवरून उठवतच नाही. ऑफिसात खुर्चीत बसलं की कुणीतरी खांदे दाबून धरल्यासारखं वाटतं. हसत होती सांगताना. मी म्हटलं, आईच्या हातचं चार दिवस खा, सुटेल सगळं.”

“कुठली सीट?”

“आं?”

“तिकिटावर सीट कुठली आहे, विचार तिला.”

बायकोनं फोन लावला, विचारलं, आणि फोन हातानं झाकून सांगितलं, “तिसऱ्या डब्यात. खिडकी मिळाली म्हणून खूश आहे.”

५

मुकादम हे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारे नव्हते. सकाळी चहा घेताना त्यांनी स्वतःला नीट समजावलं. पोतं ते पोतं. फोम तो फोम. पोरगी थकली, कारण एकटीनं राबते आणि वेळेवर जेवत नाही. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. समजावून झाल्यावर त्यांनी पाना घेतला आणि ती सीट उपटायला गेले.

बोल्ट सीलबंद होते. सील तोडलं, पाना लावला, सगळा जोर लावला. बोल्ट फिरले. सीट हलली नाही. रिकामी सीट एका हातानं उचलता येते. ही दोन्ही हातांनी जागची हलेना. ते गुडघ्यांवर बसले, गादीखाली हात घातला आणि वर रेटू लागले. गादी उबदार होती. उन्हानं तापली म्हणावी, तर ऊन डब्याच्या दुसऱ्या बाजूला होतं.

“मुकादम!” मागून बाईंचा आवाज आला. “सील तोडलंत? उद्या डबे तिकडच्या शहरात न्यायचेत, परवा तिथून पहिली फेरी सुटायचीय! तुमचा या डब्यांवर राग आहे, मला माहितीये, पण असं?”

त्यांनी पाना खाली ठेवला. बाईंनी बोल्ट पुन्हा आवळून घेतले आणि नवं सील ठोकलं. दुपारपर्यंत यार्डभर झालं की मुकादमांचं डोकं फिरलं, नव्या डब्यांवर सूड उगवतायत. तो अपमान त्यांनी मुकाट्यानं गिळला आणि संध्याकाळी घराच्या गच्चीत जाऊन, कितीतरी महिन्यांनी, स्वतःच्या हातानं लेकीला फोन लावला.

“बाबा?” तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

“हां. ऐक. त्या गाडीनं येऊ नकोस.”

ते एका दमात बोलत राहिले.

“बसनं ये. नाहीतर नंतर ये, पुढच्या आठवड्यात. पण त्या गाडीनं नको.”

“का?”

का? काय सांगायचं? की मी तुझं नाव पोत्यावर लिहून आपटलं? की ते पुसायचं राहिलं? तोंडापर्यंत आलं होतं. पण मग रागानं आपटलं हेही सांगावं लागलं असतं, आणि बापाच्या तोंडून असलं काही निघणं त्यांच्या घरात बसत नव्हतं. ते म्हणाले, “सांगतोय ना मी? प्रत्येक गोष्टीला का कशाला लागतं तुला?”

“आई म्हणाली, तुम्ही बोलावलंय.”

“ते वेगळं.”

“म्हणजे नाही बोलावलंत.” ती म्हणाली. “बाबा, सरळ सांगा ना, येऊ नकोस म्हणून. गाडीचं निमित्त कशाला?”

“ठकी, तसं नाही गं...”

“मी येणार आहे. त्याच गाडीनं येणार. दारातून परत पाठवायचं असेल तर तोंडावर पाठवा.” फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. मुकादम गच्चीत उभे राहिले. एक साधं वाक्य पुरलं असतं. लहानपणी ती रुसली की खिडकीजवळ जाऊन पाठमोरी बसायची आणि बाबांनी “माझं चुकलं” म्हटल्याशिवाय हलायची नाही. तेव्हा ते खेळात किती सहज म्हणायचे. मोठी झाल्यावर ते कधी बंद झालं, कुणास ठाऊक.

६

पहिली गाडी आली तेव्हा फलाटावर फुगे होते, बँड होता, भाषण होतं. मुकादम तिसरा डबा जिथं थांबणार तिथं पहाटेपासून उभे होते. दारं आपोआप उघडली. माणसं उतरत राहिली. शेवटचा माणूस उतरला. ते दाराशी जाऊन आत डोकावले.

आणि मग ती उतरली. केस कापलेले, जराशी वाळलेली, हातात बॅग. अगदी धडधाकट.

“बाबा,” ती म्हणाली आणि हसली.

मुकादमांना रडू आलं. बँडच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण सवय नव्हती, म्हणून त्यांनी तिची बॅग घेतली. “प्रवास बरा झाला ना?”

“छान झाला.”

“परवा मी फोनवर...”

“तुमचं बरोबर होतं, बाबा.”

ते बघतच राहिले. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मोठ्या शहरात राहून पोरगी शहाणी झाली म्हणायची! वाटेत ते बोलत राहिले, ती हो म्हणत राहिली. नोकरी सोड, हो. इथंच ये, हो. किती सोपं होतं सगळं, आणि आपण उगाच जीव टांगणीला लावून घेतला, असं त्यांना वाटलं.

जिन्याशी आल्यावर ते पुढे झाले. तिसरी पायरी त्यांच्या पायाखाली करकरली. वरून बायको धावत खाली आली, तिच्या पायाखाली करकरली. लेकीला कुरवाळून झाल्यावर ती पुन्हा वर गेली, पुन्हा करकरली.

मग त्यांच्या मागून ठकी चढली. पहिली. दुसरी. तिसरी. चौथी.

मुकादम बॅग हातात घेऊन वर उभे होते. बायको स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होती. जिना गप्प होता.

“काय झालं, बाबा?” ठकीनं विचारलं. ती त्यांच्या शेजारी येऊन उभी होती.

“काही नाही,” ते म्हणाले. “आत जा.”

ती आत गेली आणि कॉटवर बसली. सकाळीच बायकोनं ताणून घातलेल्या चादरीवर एक सुरकुतीसुद्धा पडली नाही.

७

परतीची गाडी दुपारची होती. मुकादम धापा टाकत यार्डात पोचले तेव्हा डबे झाडून, पुसून तयार होते. मौनी दाराशी वायर तपासत होता. त्यानं त्यांचा चेहरा पाहिला आणि बाजूला झाला.

टोकाच्या स्क्रीनवर तोच आकडा होता. खिडकीजवळची गादी तशीच, मधोमध दबलेली. मुकादमांनी रुमाल पाण्यात भिजवला आणि सीटच्या पाठीवर, गादीवर, कडांवर घासायला लागले. निळ्या कापडावर काहीही लिहिलेलं नव्हतं. तरी रुमाल खडूनं पांढरा होत होता. त्यांनी तो धुतला, पुन्हा घासलं. पुन्हा पांढरा. तळवे पांढरे झाले, मनगटं पांढरी झाली. गादी वर आली नाही.

दमून ते समोरच्या सीटवर बसले. गाडी फलाटाला लागायला हलली, शेडच्या सावलीत शिरली आणि खिडकीची काच काळी झाली. तीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. समोरच्या रिकाम्या सीटवर कुणी असतं, तर काचेत त्याचाही चेहराच दिसायला हवा होता. दिसत होती ती पाठ. कापलेल्या केसांखालची बारीक मान, आवळून धरलेले खांदे. गुडघे पोटाशी घेऊन, सगळ्या जगाकडे पाठ करून रुसून बसलेली.

शेड संपली, ऊन आलं आणि काचेत फक्त रूळ राहिले.

खिशातला फोन वाजला. बायको होती.

“अहो, आहात कुठे? पोरगी इतक्या दिवसांनी आलीये आणि तुम्ही जेवणाच्या वेळी गायब? ती विचारतेय, बाबा कधी येतील म्हणून.” मग आवाज खाली आणून, आनंदानं भरून ती म्हणाली, “किती शहाण्यासारखी वागतेय हो. सकाळपासून एकदाही उलट बोलली नाही.”

फलाटावर गाडी थांबली. दारं उघडली. माणसं चढू लागली, बॅगा वर टाकू लागली, मुलांना खिडक्या देऊ लागली. कितीतरीजण त्या एका सीटपाशी येऊन, का ते न कळताच, पुढे गेले.

“जेवायला थांबू नका,” मुकादम म्हणाले आणि फोन बंद केला.

मग ते समोर वाकले आणि हळूच म्हणाले, “ठकी, माझं चुकलं.”

गादी हलली नाही. लहानपणीसुद्धा ती पहिल्या हाकेला कधी वळायची नाही. दारं मिटली. मुकादम नीट सरसावून बसले आणि पुन्हा म्हणाले, “माझं चुकलं गं. चल, घरी जाऊ.” गाडीनं वेग घेतला.